टाकीच्या तोंडाशी ठेवलेली चप्पल

आतलं ठोकणं थांबलं.

त्याआधी खालून तीन ठोके यायचे, थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तीन. मी वरून स्टीलच्या डब्याने लोखंडावर तीन मारून उत्तर द्यायचे. आता मी मारले आणि खालून काही आलं नाही. पुन्हा मारले. डब्याचं झाकण उडालं, तिळाचे लाडू जहाजाच्या लोखंडी जमिनीवर घरंगळत गेले. खालून काही नाही.

"आबा! ओ आबा!" माझा मुलगा पालथा पडून टाकीच्या झाकणाला तोंड लावून ओरडत होता. झाकण म्हणजे गोल, जाड लोखंड. माणूस जेमतेम आत जाईल एवढं. ते उघडायचं चाक येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खेळू नये म्हणून काढून ठेवलेलं. ते आणायला चौकीदार धावत गेला होता. त्या झाकणाखाली माझा नवरा होता. आत दिवा नाही, हवा यायला वाट नाही, आणि त्याला उतरून अर्ध्या तासाच्या वर झालं होतं.

मुलगा मान वर न करता म्हणाला, "माय, तू इथंच बसली होतीस ना? मग?"

"हिने मला फोटो काढायला हाक मारली," मी म्हणाले.

सून माझ्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. मी म्हणाले ते खोटं होतं. मला लघवीला लागली म्हणून मी उठले होते. नवरा खाली मरत होता आणि माझ्या तोंडून पहिलं निघालं ते खोटं, तेही सुनेच्या नावावर.

आता आधीचं सांगते.

आम्ही धुळ्याकडचे. सिल्वासात येऊन आमचं आयुष्य गेलं. खडोलीला चाळीत दोन खोल्या आहेत, मुलगा कारखान्यात आहे. मी सुताच्या कारखान्यात सूत गुंडाळलेले कोन पॅक करायचे. माझ्या म्हाताऱ्याचं काम टाक्या धुण्याचं. रंगाच्या टाक्या, तेलाच्या टाक्या. टाकी रिकामी झाली की ठेकेदार याला आत उतरवायचा. खरवडून, पुसून हा वर यायचा तेव्हा कधी निळा असायचा, कधी पिवळा. मशीनच्या आवाजाने उजवा कान गेला. बाकी धड राहिला.

त्या टाकीवाल्यांचा एक नियम होता. कारखान्याने केलेला नाही, त्यांनीच केलेला. पाटी वाचता येणारे थोडे, आणि त्यांच्यातही कोणी गुजराती वाचणारा, कोणी हिंदी, कोणी ओडिया. मग पाटी लावून उपयोग काय? म्हणून आत उतरणाऱ्याने आपली चप्पल टाकीच्या तोंडाशी ठेवायची, बोटं तोंडाकडे करून. चप्पल आहे तोवर माणूस आत आहे. मग साहेब आला तरी झाकण लावायचं नाही, पाणी सोडायचं नाही. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर ज्याची त्याने घालायची. चप्पल नाही म्हणजे माणूस बाहेर. आणि तोंडाशी एक माणूस कायम बसवायचा. आतला पडला तर त्याने आरडाओरडा करायचा, पण स्वतः उतरायचं नाही.

हे शेवटचं मला एका प्रसंगाने पक्कं माहीत होतं. आमच्या चाळीतला एक जण टाकीत पडला तेव्हा तोंडाशी त्याचा सख्खा भाऊ बसलेला होता. तो भावाला काढायला उतरला. दोघांना एकाच टेम्पोतून आणलं. दोघांच्या बायकांना मी धरून बसले होते. म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. एवढंच म्हणाला, "पहिला हवेने मेला, दुसरा मायेने."

टाकीत हवा का नसते तेही त्यानेच मला सांगितलं होतं. दर वेळी विषारी वायूच असतो असं नाही. लोखंडाची टाकी बंद ठेवली की गंज आतली हवा खातो. वास येत नाही, खोकला येत नाही. माणूस बसतो आणि बसलेलाच राहतो.

म्हातारा घरी बसून पाच वर्षं झाली होती. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत कारखाने बंद असतात. चाळीतल्या लोकांनी बस ठरवली, समुद्रकाठी जुनी लढाऊ जहाजं आणि विमानं ठेवली आहेत ती बघायला. मी नाही म्हणत होते. लढाईचं जुनं लोखंड बघायला एवढ्या लांब कशाला? पण म्हातारा आदल्या दिवशीच दाढी करून बसला.

विमानं आवारात होती, काही खांबांवर चढवलेली, काही जमिनीवर. लांबून पतंगासारखी दिसली, जवळ गेल्यावर पोटाचा रंग उडालेला. जमिनीवरच्यांच्या चाकांना पक्क्या पाचरी ठोकलेल्या. जहाज धक्क्याला कायमचं बांधलेलं. त्याचं काम संपलं आहे असं माहिती देणारा म्हणाला. पण पाणी वरखाली झालं की ते कण्हायचं. मला पहिल्यापासूनच ते आवडलं नाही. आत उतरायचे जिने शिडीसारखे उभे. खालच्या मजल्यावर खलाशांच्या झोपायच्या जागा, एकावर एक, फळीएवढ्या. त्यांवर कपडे घातलेले पुतळे. एक पुतळा कुशीवर निजलेला, तोंड भिंतीकडे. मी त्याच्या खांद्याला चुकून हात लावला आणि माझं अंग गार पडलं.

"घाबरलीस?" म्हातारा हसला. "प्लास्टिकचा आहे."

"म्हणूनच," मी म्हणाले.

बाकीचे लोक तोफ बघायला वर गेले. म्हातारा गेला नाही. त्या खोलीच्या टोकाला एक दोरी बांधलेली होती, तिच्यावर बंदची पाटी. दोरीपलीकडे जमिनीत गोल झाकण उघडं होतं आणि एक वायर आत गेली होती. आतून पिवळा उजेड येत होता. रंगाचा ताजा वास.

म्हातारा दोरीखालून वाकून गेलाही. टाकीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि आत ओरडला, "कोण आहे?" कोणी बोललं नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं.

"बत्ती चालू आहे आणि चप्पल नाही," तो म्हणाला. "तोंडाशी माणूस नाही. काय लोक आहेत!"

"आपल्याला काय करायचं आहे? चला वर."

"आत कोणी पडलेला असला म्हणजे?"

"मग चौकीदाराला सांगा."

"तीन पायऱ्या उतरतो, वाकून बघतो आणि येतो. रंगाचा वास येतोय, म्हणजे हवा आहे." मग मला म्हणाला, "तू आठेच बस. हालू नको." आठे म्हणजे इथे. कामाचं बोलताना तो अजून गावची बोली बोलतो.

त्याने चप्पल काढली आणि तोंडाशी ठेवली, बोटं आत करून. रबरी चप्पल, तुटलेला पट्टा मी निळ्या नायलॉनच्या सुताने शिवून दिलेला. आणि उतरला. आत कोणी पडलेला असेल ही भीती थोडी खरी होती. पण खरं कारण वेगळं. त्याला टाकी दिसली आणि राहवलं नाही. दारू सोडलेल्या माणसाला बाटली दिसावी तसं.

तीन पायऱ्यांवर तो थांबला नाही. खालून म्हणाला, "कोणी नाही. पलीकडे अजून एक खोली आहे. बघून येतो."

मी थांबले. पाय आखडले, आणि मला लागली. सकाळी बसमध्ये चढल्यापासून लागली होती. मी आत ओरडले, "ओ, मी जाऊन येते." उत्तर आलं नाही. तो पलीकडच्या खोलीत असेल आणि बहिरा कान इकडे असेल. मी चपलेकडे पाहिलं. चप्पल आहे, म्हटलं, कोण बंद करणार? आणि गेले.

संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला. दाराशी सून भेटली, तिच्या हातात पिशवी देऊन मी आत गेले. येताना एका विमानाच्या पंखाखाली सावली होती, तिथे बसलो. तिने माझा फोटो काढला. मी पाणी प्याले. पाच मिनिटांचं काम मी आरामात केलं.

परत खाली आले तर झाकण बंद होतं. वायर गुंडाळून ठेवलेली. आणि चप्पल नव्हती.

मी काय केलं असेल? मी हुश्श केलं. चप्पल नाही म्हणजे माणूस बाहेर. तो आला, चप्पल घातली, वर गेला, मी दिसले नाही म्हणून आता शिव्या देत असेल. मी त्या झाकणावरून चालत गेले. त्याच्या डोक्यावरून. तेव्हा तो ठोकत होता की नव्हता मला माहीत नाही. वर तोफेपाशी पोरं गलका करत होती, मी काही ऐकलं नाही.

वर सगळीकडे पाहिलं. मुलाला विचारलं, तो म्हणाला, "आबा तुझ्याबरोबर नव्हते का?" मी म्हणाले, "असतील इथेच, दुसऱ्या विमानाकडे." एकेका विमानाला फेरी मारली. मग फाटकाशी गेले, म्हटलं बसमध्ये जाऊन बसला असेल. फाटकाजवळ चौकीदाराचं टेबल होतं. त्यावर लोकांच्या विसरलेल्या वस्तू मांडलेल्या. पाण्याची बाटली, पोराची टोपी, एक चष्मा. आणि निळ्या सुताने शिवलेली चप्पल.

मी चपलेवर बोट ठेवलं.

"ही कुठे मिळाली?"

झाडूवाली बाई तिथेच होती, माझ्या सुनेच्या वयाची. "नीचे पडी थी, माजी. रंगवाला खुला छोडके पतंग उडाने गया. कोई गिर जाएगा करके मैंने बंद किया, चक्का कसके निकाल दिया. आवाज दिया था मैंने." चप्पल तिने चांगल्या मनाने आणली होती, उन्हात कोणाचे पाय भाजू नयेत म्हणून.

"आत माझा माणूस आहे," मी म्हणाले. मराठीत म्हणाले तरी तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा झाला.

माझे गुडघे गेलेले आहेत. त्या दिवशी मी ते तीन उभे जिने कशी उतरले मला आठवत नाही. मुलगा माझ्या पुढे पोचला. चौकीदार म्हणत होता, "माजी, अंदर कोई नथी, हमने देखा है." मी डब्याने झाकणावर तीन मारले. खालून तीन आले. चौकीदार चाक आणायला पळाला.

आणि मग ठोकणं थांबलं.

चाक आलं. बसवलं. फिरेना. मुलगा आणि चौकीदार दोघे लोंबकळले तेव्हा करकरलं. झाकण उचललं तर खाली काळोख. शिडीच्या चार पायऱ्या दिसत होत्या, पाचवी नाही. मुलगा ओरडला. उत्तर नाही. कोणीतरी वायर सोडली आणि दिवा लागला. तेव्हा तो दिसला. शिडीच्या तळाशी बसलेला, डोकं पायरीवर टेकलेलं, तोंड उघडं. बसला होता आणि बसलेलाच होता.

मुलाने पाय आत टाकला.

मी मागून त्याचा पट्टा धरला आणि सगळं वजन टाकून खाली बसले. दोन्ही पाय टाकीच्या कडेला लावले.

"सोड माय! बाप आहे माझा!"

"माझा नवरा आहे. तरी नाही."

"मरतील ते! सोड!"

त्याचं कोपर माझ्या जबड्यावर बसलं. एक दात हलला, तो अजून हलतो. मी सोडलं नाही. आणि मी मोठ्याने ओरडले, इतक्या मोठ्याने की जिन्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. "तो गेला असेल तर गेला! तू उतरायचं नाही!"

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. तसं त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सुनेने खाली बसून त्याचा दुसरा पाय धरला. फोन तिने फेकला होता. मघाशी जिच्यावर मी खोटं टाकलं, तिने माझं ऐकलं.

"पंखा आणा," मी म्हणाले. पुतळ्यांच्या खोलीत उभा पंखा होता, प्रेक्षकांसाठी. चौकीदार आणि चाळीतले दोघे तो ओढत आले, आडवा करून टाकीच्या तोंडावर धरला आणि पूर्ण वेगात लावला. एकाने दोरी आणली. मी म्हणाले, कोणी उतरायचं नाही, पंखा चालू द्या. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. टाकीवाल्याच्या घरात उभं आयुष्य काढलं की कानावर पडतं.

आणि मग वाट बघायची. काही करता येत नाही हे सगळ्यात वाईट. मुलाचा पट्टा मी सोडला नव्हता. चौथीपर्यंत शिकलेले पाढे मी मनात म्हणायला लागले. दोनचा म्हटला. तीनचा म्हटला. चारचा. पंख्याचा आवाज, जहाजाचं कण्हणं. पाचचा. मला वाटत होतं मी त्याला मारलं. आधी उठून गेले म्हणून, आणि आता मुलाला धरून बसले म्हणून. दोन्ही वेळा मीच. सहाचा पाढा मी दोनदा म्हटला, कारण मध्ये चुकले.

सातच्या पाढ्यात त्याचा हात हलला.

मग तो खोकला. डोकं उचललं, पुन्हा पडलं, पुन्हा उचललं. मुलगा रडायला लागला. "आबा, दोरी टाकतो, बांधा!" दोरी खाली गेली. म्हातारा बराच वेळ तिच्याकडे नुसता बघत होता. मग बगलेखालून घेतली आणि गाठ मारली. गाठ टाकीवाल्याचीच. तिघांनी वर ओढला. ओठ निळे होते, कपाळ गंजाने लाल.

जमिनीवर पडल्या पडल्या त्याने पायाकडे पाहिलं. "चप्पल?"

झाडूवाली बाई चप्पल घेऊन उभी होती, रडत. ती त्याच्या पायात घालायला वाकली. त्याने हाताने नको म्हटलं. उठून बसवल्यावर स्वतः घातली. एका पायाची दोनदा सुटली. आम्ही सगळे बघत थांबलो.

दवाखान्यात नाकाला नळी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी सोडणार होते, तोवर मी पलंगाशी बसून होते. मुलगा बाहेर. तो माझ्याशी बोलत नव्हता.

"ऐकलं मी," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"गेला असेल तर गेला."

डावा कान वर असणार.

"तोंडाशी बसलेल्याने हेच म्हणायचं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तू गेली होतीस कुठे?"

"मुतायला."

"मग सांगून जायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही तीन पायऱ्या म्हणाला होतात."

"हो," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या पुतळ्यासारखं. मी उठून त्याच्या खांद्याला हात लावला. गरम होता.

ठोकणं का थांबवलं हेही त्याने सांगितलं. हात उचलेना म्हणून. मला वाटलं होतं हवा वाचवायला थांबवलं असेल, शहाणा माणूस. तसं काही नाही.

घरी आल्यावर मी सुनेला म्हणाले, "ते फोटोचं मी खोटं बोलले. त्याला सांगते मी."

ती पोळ्या लाटत होती. "मला माहीत आहे, आत्याबाई. संडासाबाहेर तुमची पिशवी धरून मीच उभी होते."

मी त्याच दिवशी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." पंधरा दिवसांनी नीट बोलायला लागला. मी त्याला धरून ठेवलं याबद्दल त्याने अजून काही म्हटलेलं नाही, बरं केलं असंही नाही आणि वाईट केलं असंही नाही. मीही विचारत नाही.

म्हातारा मात्र सोडत नाही. चहाला उशीर झाला की म्हणतो, "गेला असेल तर गेला, काय?" चाळीतले हसतात. मला हसू येत नाही. तो मोरीत आंघोळीला गेला की मी दाराला कडी लावू देत नाही आणि बाहेर पाट टाकून बसते. भांडं वाजायचं थांबलं की हाक मारते. तो ओरडतो, "जिवंत आहे!" तरी उठत नाही मी.

त्या टाकीत एकच माणूस उतरला, माझा नवरा. तो जगला. मुलगा उतरला नाही. तोही जगला.